नगरचा किल्ला, बोअर कैदी आणि जाब विचारण्याचा हक्क



पत्रिकेवर विषय जरा भारदस्त छापला गेलाय : ‘व्याप्त प्रदेश, मानवतेचा कायदा आणि उत्तरदायित्व’. साध्या मराठीत प्रश्न एवढाच आहे, की एका सैन्यानं दुसऱ्याचा मुलूख ताब्यात घेतला आणि तिथल्या बायकापोरांवर, शेताघरांवर संकट आणलं, तर जाब कोणाला विचारायचा? आणि विचारणारा कोण? आजच्या वर्तमानपत्रात या प्रश्नाची चार-दोन उदाहरणं रोज सापडतात. ती मी घेणार नाही, कारण ती घेतली की सभागृहाचे लगेच दोन तट पडतात आणि विचार बाजूला राहतो. मी आपल्या भिंगारजवळच्या किल्ल्यापासून सुरुवात करणार आहे. शहराचं आणि जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण मी ज्या काळाबद्दल बोलतोय त्या काळच्या कागदांत अहमदनगर आहे, म्हणून तेच म्हणेन.

नगरचा किल्ला म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक चांदबिबी आणि दुसरी १९४२. नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव, शंकरराव देव वगैरे मंडळी इथं स्थानबद्ध होती, नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथं लिहिलं, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण त्याच्या चाळीस वर्षं आधी या गावात सहा-सहा फूट उंचीचे, दाढ्या वाढवलेले, डच वळणाची भाषा बोलणारे आणि रोज बायबल वाचणारे शेतकरी कैदी म्हणून आणले होते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. ते बोअर. या शब्दाचा अर्थच मुळी शेतकरी.

दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही बोअरांची दोन प्रजासत्ताकं होती. ११ ऑक्टोबर १८९९ ला इंग्रजांशी त्यांचं युद्ध सुरू झालं. मुळाशी सोनं होतं, हे सांगायला नकोच. पकडलेले कैदी तिथंच ठेवले तर पळून पुन्हा लढायला जातील, म्हणून इंग्रजांनी त्यांना समुद्रापार धाडलं. सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि १९०१ पासून हिंदुस्थान. हिंदुस्थानात नऊ हजारांच्या आसपास कैदी आले. अंबाला, सियालकोट, त्रिचनापल्ली, बेल्लारी अशा बऱ्याच ठिकाणी छावण्या पडल्या. आपल्या भागात अहमदनगर होतं आणि सातारासुद्धा होतं. या कैद्यांत म्हातारे होते, तशी मिसरूड न फुटलेली पोरंही होती.

त्या वेळी आपल्या जिल्ह्याची काय स्थिती होती बघा. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळातून नगरचा शेतकरी नुकता कुठं उठत होता. सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडून तो घरी परतला होता. प्लेग चालूच होता. अशा गावात परदेशातला शेतकरी, राजाशी लढला म्हणून, संगिनींच्या पहाऱ्यात आला. दोघांनी एकमेकांकडे कसं पाहिलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

कैद्यांना इथं कसं वागवलं? एकंदरीत बरं वागवलं. जेवण मिळे, डॉक्टर असे, वेळ जावा म्हणून लाकडावर, हाडावर कोरीवकाम करत. परदेशी छावण्यांतल्या बोअरांनी केलेल्या अशा वस्तू आजही संग्रहालयांत आहेत. आणि यात निव्वळ इंग्रजांचा चांगुलपणा नव्हता. २९ जुलै १८९९ ला, म्हणजे युद्ध सुरू होण्याच्या जेमतेम अडीच महिने आधी, हॉलंडमधल्या हेग शहरात जगातल्या राष्ट्रांनी जमिनीवरच्या युद्धाचे नियम लिहून काढले होते. युद्धकैद्याला माणुसकीनं वागवावं, तो पकडणाऱ्या शिपायाचा नव्हे तर त्या सरकारचा कैदी असतो, तह झाल्यावर त्याला शक्य तितक्या लवकर घरी पाठवावं, असे ते नियम. त्या परिषदेला चीन, जपान, इराण, सयाम हजर होते. बोअर प्रजासत्ताकांना बोलावणं नव्हतं. हिंदुस्थानचा तर प्रश्नच नव्हता.

आता याच नियमावलीचा दुसरा भाग पाहू. कलम ४२ पासून पुढं व्याप्त प्रदेशाचे नियम आहेत. मुलूख ताब्यात आला तरी तो तुमचा होत नाही, तुम्ही तिथले तात्पुरते कारभारी आहात, हा त्यामागचा विचार. म्हणून कलम ४६ सांगतं की कुटुंबाची अब्रू, माणसांचा जीव आणि खाजगी मालमत्ता यांचा मान राखा. कलम ४७ सांगतं, लूट मना. कलम ५० सांगतं, एकानं केलेल्या कृत्यासाठी सगळ्या वस्तीला दंड करू नका. आणि कलम ४५ सांगतं, तिथल्या लोकांवर शत्रूशी एकनिष्ठेची शपथ घेण्याची जबरदस्ती करू नका. हे शपथेचं कलम लक्षात ठेवा, ते आपल्याला परत लागणार आहे.

नगरमध्ये कैदी दोन वेळ जेवत होता, तेव्हा त्याच्या मुलखात काय चाललं होतं? बोअरांनी गनिमी कावा सुरू केला होता. आपल्याला हा प्रकार समजावून सांगायला नको. गनिमाला भाकरी, घोडा आणि बातमी गावातून मिळते, म्हणून गावच नाहीसं करायचं, असं लॉर्ड रॉबर्ट्सनं ठरवलं आणि किचनेरनं ते पद्धतशीर तडीला नेलं. सुमारे तीस हजार शेतघरं जाळली गेली. गुरं मारली, धान्य जाळलं. बेघर झालेल्या बायका, मुलं, म्हातारे यांना तंबूंच्या छावण्यांत गोळा केलं. कॉन्सन्ट्रेशन कँप हा शब्द जगाच्या कानावर पडला तो मुख्यतः इथून. त्याच्या आधी क्यूबात स्पेनच्या सेनापतीनं हाच प्रयोग केला होता. सुरुवातीला तर ज्यांचे पुरुष अजून लढताहेत त्या कुटुंबांना मुद्दाम कमी शिधा दिला जाई. गोवर, हगवण, विषमज्वर यांनी छावण्या झोडपल्या. नंतर जी मोजदाद झाली ती २७,९२७ मृत्यूंची. त्यांत २२,०७४ मुलं सोळा वर्षांखालची. हा झाला गोऱ्यांचा आकडा. काळ्या आफ्रिकी लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथं नोंदलेले मृत्यू चौदा हजारांवर आहेत आणि नोंदीच धड नसल्यानं इतिहासकार खरा आकडा वीस हजारांच्या वर धरतात.

इथं माझ्यासारखा तत्त्वज्ञानाचा माणूस थबकतो. ज्याच्या हातात बंदूक होती, ज्यानं इंग्रज शिपाई मारले असतील, तो नगरच्या छावणीत सुरक्षित. आणि त्याची बायको, जिनं हातात बंदूक धरली नाही, ती ब्लूमफाँटेनच्या तंबूत मूल मांडीवर घेऊन त्याचा शेवटचा श्वास पाहतेय. एकाच सरकारचा हा कारभार, एकाच वर्षातला. सैनिकाचा कायदा पाळला जातो कारण आपलेही सैनिक समोरच्याच्या हाती लागतात. आज मी तुझा जपतो, उद्या तू माझा जप. बाईपोरांच्या बाबतीत अशी देवाणघेवाण नसते. बोअरांच्या ताब्यात काही इंग्लंडमधली खेडी नव्हती. परतफेडीच्या भीतीवर उभा राहिलेला कायदा दुबळ्यापर्यंत पोचत नाही, हे माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं सत्य आहे.

छावणी ही कल्पनासुद्धा सैन्यानं आकाशातून आणली नव्हती. १८९७ चं पुणं आठवा : प्लेग, रँड, घराघरात शिरणारे गोरे शिपाई, माणसांना उचलून वेगळ्या छावण्यांत ठेवणं. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. दुष्काळी कामांच्या छावण्या त्याच काळातल्या. लोकसंख्या उचलून ती कुंपणात ठेवायची आणि तिचं मोजमाप करायचं, हे तंत्र साम्राज्यानं हिंदुस्थानात घासूनपुसून घेतलं होतं. आफ्रिकेतल्या छावण्यांत मरण हाताबाहेर गेल्यावर त्या सुधारण्यासाठी इथले अनुभवी अधिकारी तिकडे बोलावले गेले, यात मग नवल काय!

बरं, जाब कोणी विचारला? एका बाईनं. एमिली हॉबहाउस तिचं नाव. पाद्र्याची मुलगी, अविवाहित, चाळिशीची. डिसेंबर १९०० मध्ये ती मदतीचं सामान घेऊन केपटाउनला उतरली, जानेवारीत ब्लूमफाँटेनची छावणी पाहिली आणि जे पाहिलं ते लिहून काढलं. जून १९०१ मध्ये तिचा अहवाल लंडनमध्ये आला. विरोधी पक्षनेते कॅम्पबेल-बॅनरमन यांनी जाहीर भाषणात या युद्धपद्धतीला रानटी म्हटलं. देशद्रोही म्हणून दोघांनाही शिव्या खाव्या लागल्या. ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा गेली तर तिला बोटीवरून उतरूही दिलं नाही, जबरदस्तीनं परत पाठवलं. पण सरकारला मिलिसेंट फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली बायकांचीच एक समिती नेमावी लागली, आणि त्या समितीनंही छावण्यांच्या कारभारावर बोट ठेवलं. कारभार लष्कराकडून मुलकी अधिकाऱ्यांकडे गेला, मृत्यू झपाट्यानं घटले. म्हणजे ते टाळता येण्यासारखे होते! गांधीजींनी या बाईबद्दल फार आदरानं लिहिलंय. गंमत म्हणजे याच युद्धात गांधीजी इंग्रजांच्या बाजूनं जखमींची डोली वाहत होते, हिंदी लोकांचं पथक उभारून.

आता कायद्याची चतुराई पाहू. पहिला युक्तिवाद : हेगचा करार फक्त करार करणाऱ्यांना लागू, आणि बोअर काही करारात नाहीत. ज्याला दारातच अडवलं त्यालाच सांगायचं की तू आत नव्हतास. त्याच कराराच्या प्रस्तावनेत मार्टेन्स या रशियन पंडितानं एक वाक्य घालून ठेवलं होतं. त्याचा आशय असा, की जिथं लेखी नियम नाही तिथंही माणूस हा मानवतेच्या आणि लोकविवेकाच्या संरक्षणाखाली असतो. फार मोठं वाक्य. पण लोकविवेकाला कोर्ट नसतं.

दुसरा युक्तिवाद अधिक धूर्त. मे १९०० मध्ये ऑरेंज फ्री स्टेट आणि १ सप्टेंबरला ट्रान्सवाल ब्रिटिश साम्राज्यात विलीन केल्याचं जाहीर झालं. अजून बोअर फौजा मैदानात होत्या, युद्ध पुढं पावणेदोन वर्षं चाललं. पण कागदावर तो मुलूख ‘व्याप्त’ राहिला नाही, तो राजाचा झाला. मग लढणारा शत्रू उरत नाही, तो बंडखोर होतो. एका जाहीरनाम्यानं हेगची पंधरा कलमं निकामी! विलीनीकरण हा शब्द आपल्याकडे सन १९४८ पासून गोड झालाय, पण त्याचा हाही एक उपयोग असतो.

नगरला परत येऊ. ३१ मे १९०२ ला फेरीनिखिंगचा तह झाला. हेगचा नियम काय? तह झाला की कैदी शक्य तितक्या लवकर घरी. पण तहातल्या दुसऱ्या कलमानं अट घातली : आपण ब्रिटिश राजाचे प्रजानन आहोत असं जाहीर करणाऱ्यालाच परत नेलं जाईल. बहुतेकांनी सही केली आणि गेले. काहींनी नाही केली. आमचं राष्ट्र बुडालं असेल, पण ते बुडालं हे आमच्या तोंडून वदवून घेऊ नका, असा त्यांचा हट्ट. युद्ध संपलं, राजाचा राज्याभिषेक झाला, तरी ही माणसं हिंदुस्थानात बसून. शेवटी १९०३ मध्ये त्यांचाच सेनापती दे ला रे हिंदुस्थान आणि सिलोनला आला, त्यांची समजूत घालायला. बाबांनो, सही करा आणि घरी चला. युद्धाला आधी विरोध करणारा आणि मग शेवटपर्यंत लढलेला हा माणूस स्वतःच्याच शिपायांना शरणागतीची शपथ घ्यायला सांगतोय, याच्याइतकं दुःखद दृश्य त्या युद्धात मला दुसरं दिसत नाही. कायद्यानं बघाल तर तहानंतर कलम ४५ लागू नव्हतं. माणूस म्हणून बघाल तर तेच कलम ते जगत होते.

त्याच तहाचं चौथं कलम वाचलं पाहिजे. बोअर बांधवांवर युद्धातल्या कृत्यांसाठी खटले होणार नाहीत, असं ते म्हणतं. पुढं अपवाद : युद्धाच्या रीतीविरुद्ध जी कृत्यं ब्रिटिश सरसेनापतीनं बोअर सेनापतींना कळवली आहेत, त्यांच्यासाठी लष्करी न्यायालय बसेल. उलट बाजूचं काय? घरं जाळणाऱ्यांचं, छावण्या चालवणाऱ्यांचं? त्यावर अक्षर नाही. पुनर्वसनासाठी तीस लाख पौंड मिळाले, पण ते अनुदान म्हणून. भरपाई म्हटलं की चूक कबूल होते. आणि आठव्या कलमात ठरलं, की काळ्या लोकांच्या मताधिकाराचा विचार गोऱ्यांना स्वराज्य मिळाल्यानंतर करू. त्या मताधिकाराला १९९४ साल उजाडावं लागलं. ज्यांच्या मुलांच्या मृत्यूची धड नोंदसुद्धा झाली नाही, त्यांच्या डोक्यावरून दोन्ही शत्रूंनी हात मिळवले. बोअर बिचारे, एवढंच सांगून मी हे व्याख्यान संपवू शकत नाही ते यामुळं. पुढं वर्णभेदाचं राज्य कोणी उभारलं, हे आपण जाणतोच.

शिक्षा कोणालाच झाली नाही असंही नाही. हॅरी मोरांट आणि हँडकॉक या दोन कनिष्ठ अधिकाऱ्यांना बोअर कैदी गोळ्या घालून मारल्याबद्दल २७ फेब्रुवारी १९०२ ला प्रिटोरियात गोळ्या घालण्यात आल्या. कैदी घेऊ नका असा वरून हुकूम होता, असं त्यांचं म्हणणं. ते खरं की खोटं यावर ऑस्ट्रेलियात अजून भांडणं चालतात. मला त्यांची कीव येत नाही, त्यांनी खून केले होते. पण डझनभर कैद्यांच्या हत्येसाठी लेफ्टनंट मरतो आणि बावीस हजार मुलांच्या मृत्यूनंतर सरसेनापती पदव्या घेतो, हा हिशेब कसा मांडायचा?

या युद्धानंतर १९०७ ला हेगमध्ये पुन्हा परिषद भरली आणि एक नवं कलम आलं. ज्याच्या सैन्यानं नियम मोडले त्या राज्यानं नुकसानभरपाई द्यावी, आपल्या सैन्यातल्या प्रत्येकाच्या कृत्याला ते राज्य जबाबदार राहील. जाब हा शब्द कायद्यात असा शिरला. सूचना जर्मनीची होती. सात वर्षांनी त्याच जर्मनीनं बेल्जियम व्यापला, लुव्हँचं ग्रंथालय जाळलं, आणि आपला किल्ला पुन्हा भरू लागला. या वेळी हिंदुस्थानातले जर्मन व्यापारी, मिशनरी, खलाशी. अहमदनगर हे जर्मन घरांत ओळखीचं नाव झालं. बायकामुलांची सोय बेळगावला. १९१७ मध्ये रेडक्रॉसचे स्वीस प्रतिनिधी हिंदुस्थान-ब्रह्मदेशातल्या छावण्या पाहून गेले. बाहेरचा तपासनीस आत येऊन भांडी उघडून बघतो, ही त्या काळात नवलाचीच गोष्ट होती. युद्धानंतर लाइपझिगला खटले झाले, जर्मन न्यायाधीशांपुढं जर्मन आरोपी. पंचेचाळीस नावांची यादी, त्यांतले बारा उभे राहिले, सहा दोषी ठरले, शिक्षा किरकोळ. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पुन्हा नगरला. ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ लिहिणारा हाइनरिश हारर इथूनच देवळाली आणि मग डेहराडूनला गेला. त्यांच्यामागं जिनिव्हाचा करार होता. त्याच किल्ल्यात १९४२ पासून ठेवलेल्या आपल्या नेत्यांमागं कुठलाच करार नव्हता, कारण ते परके नव्हते, राजाचेच प्रजानन होते. एप्रिल १९४३ मध्ये मौलाना आझादांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या. शेवटची भेट झाली नाही.

हिटलर पडल्यावर कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञानं हायडलबर्गच्या विद्यार्थ्यांपुढं व्याख्यानं दिली, १९४६ साली त्यांचं पुस्तक झालं. अपराध एकाच प्रकारचा नसतो, असं तो म्हणतो. फौजदारी अपराध कोर्ट ठरवतं, तो व्यक्तीचा असतो. राजकीय जबाबदारी सगळ्या नागरिकांवर येते, ती भरपाईच्या रूपानं फेडावी लागते. नैतिक अपराधाचा निवाडा ज्याचा त्यानं आणि त्याच्या जवळच्यांनी करायचा. चौथा प्रकार आणखी खोल आहे, त्यात आज शिरत नाही. हे वर्गीकरण बोअर युद्धाला लावून बघा : मोरांटला पहिलं लागलं, तीस लाख पौंडांत दुसरं चोरपावलांनी आलं, आणि तिसरं एकट्या एमिली हॉबहाउसनं अंगावर घेतलं, जिचा काही दोष नव्हता.

आपल्याकडे पाहिलं पाहिजे की नको? चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र आपण अभिमानानं सांगतो. रयतेच्या गवताच्या काडीला, भाजीच्या देठाला हात लावाल तर खबरदार. हेगच्या सव्वादोनशे वर्षं आधीचं ते पत्र, अभिमान रास्तच आहे. पण ते आपल्याच रयतेबद्दल होतं. १७४० नंतर नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या तेव्हा काय झालं, ते गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं ‘महाराष्ट्र पुराण’ नावाच्या काव्यात लिहून ठेवलंय. बंगाली आई आजही मुलाला झोपवताना बर्गीचं नाव घेते. बर्गी म्हणजे आपण. मराठीत या विषयावर काय आहे, शोधून पाहा. फार नाही सापडणार.

शेवटची गोष्ट आपल्या शेजारच्या गोव्याची. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. मुक्तीबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण कायद्याचा प्रश्न उभा राहिलाच. पोर्तुगीज नागरिकत्व निवडलेल्या एका गोमंतकीय धर्मगुरूंचा राहण्याचा परवाना संपला, देश सोडण्याचा हुकूम झाला, त्यांनी तो मानला नाही आणि खटला भरला गेला. मोंतेरो विरुद्ध गोवा राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९६९, सरन्यायाधीश हिदायतुल्ला. त्यांचं म्हणणं, मी व्याप्त प्रदेशातला रहिवासी, चौथा जिनिव्हा करार मला हद्दपारीपासून वाचवतो. न्यायालयानं हेग-जिनिव्हाचा सगळा इतिहास उलगडला. युद्ध चालू असताना घाईनं केलेलं विलीनीकरण अशा रहिवाशाचं संरक्षण काढून घेऊ शकत नाही, हे मान्य केलं. नेमका बोअरांचा मुद्दा! मात्र गोव्यात लढाई संपली होती, प्रतिकार उरला नव्हता, म्हणून व्याप्ती संपून विलीनीकरण खरं झालं, असा निर्णय देऊन अपील फेटाळलं. मला तो निर्णय पटतो. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. आपला १९६० चा जिनिव्हा करार कायदा नागरिकाला या करारांच्या आधारे कोर्टात जाण्याचा स्वतंत्र हक्क देत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. कायद्याचं कलम १७ तर असं, की सरकारनं किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं तक्रार केली तरच कोर्ट अशा गुन्ह्याची दखल घेईल. म्हणजे ज्याच्या सैनिकाविरुद्ध तक्रार असू शकते, त्याचीच परवानगी तक्रारीला लागणार. हे कलम १९६० पासून तसंच आहे. पक्ष बरेच आले-गेले, कुणालाच ते बदलावंसं वाटलं नाही.

वेळ झालाय असं संयोजक खुणावताहेत. कायद्याचे विद्यार्थी समोर बसलेत, त्यांनी या कलम १७ वर मला आडवं घ्यावं. प्रश्न घेऊया.